हायवाथाची मेजवानी आता कुणी गात नाही

पेनाइनकर

आमच्या गावच्या कोरल सोसायटीत मी अल्टो गाते. गाव इंग्लंडातल्या वेस्ट यॉर्कशरमधलं, एकेकाळी लोकरीच्या गिरण्यांचं. आता त्या गिरण्यांचे फ्लॅट झालेत. यंदाच्या डिसेंबरातही हॅंडलचा 'मसाया'च आहे, म्हणजे ओरेटोरिओ, धार्मिक कथेवरची मोठी गायनकृती. तक्रार नाही, तिकिटं त्याचीच खपतात. पण चहाच्या सुट्टीत आमच्यातली ऐंशीच्या घरातली मंडळी ज्या कृतींची नावं काढून हळहळतात, त्यातली एकही मी इथे येईपर्यंत ऐकली नव्हती. कोलरिज-टेलरची 'हायवाथाज वेडिंग फीस्ट', माँडरची 'ऑलिव्हेट टू कॅल्व्हरी', गॉलची 'द होली सिटी', स्टर्नडेल बेनेटची 'द मे क्वीन'. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या मुलखात ही तोंडपाठ असणारे लोक घरटी एक तरी सापडले असते.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. पन्नास-शंभर हौशी माणसं आठवड्यातून एका संध्याकाळी जमतात. वरून खाली सोप्रानो, अल्टो, टेनर, बास असे चार आवाज, प्रत्येकाची ओळ वेगळी. वर्गणी गाणाऱ्यांनीच भरायची. संचालक, पियानोवाला आणि कार्यक्रमाच्या दिवशीचे एकल गायक एवढ्यांनाच काय ते पैसे. वर्षाकाठी तीन-चार कार्यक्रम, श्रोत्यांत निम्मे आपलेच नातेवाईक.

यातली इकडची नामांकित संस्था म्हणजे हडर्सफील्ड कोरल सोसायटी. १८३६ साली एका पबमध्ये सुरू झाली. सुरुवातीच्या नियमांत सभासदाला सभेच्या रात्री किती बिअर आणि ब्रेड-चीज मिळेल तेही लिहिलेलं होतं. पण मला आवडतो तो १८४२चा नियम: जो 'हॉल ऑफ सायन्स'मध्ये (समाजवाद्यांचं सभागृह) किंवा समाजवाद्यांच्या सभांना जातो त्याला सभासदत्व नाही, आणि ग्रंथपालाने कुठल्याही समाजवाद्याला जाणूनबुजून स्वरलिपीची प्रत दिली तर त्याचीही हकालपट्टी. हॅंडलच्या कोरसचा पोलिटब्युरो काय उपयोग करणार होता देव जाणे.

पुढच्या साठ-सत्तर वर्षांत हे वेड गावोगाव पसरलं. मेथडिस्ट चॅपलमध्ये लहानपणापासून गायची सवय, गिरणी कामगारांसाठीचे संध्याकाळचे वर्ग, आणि नॉव्हेलो कंपनीच्या स्वस्त छापील प्रती. १८४६ साली नॉव्हेलोने 'मसाया' सहा-सहा पेनीच्या हप्त्यांत विकायला काढला. त्याच वर्षी बर्मिंगहॅमला मेंडेल्सनने स्वतः उभं राहून 'एलायजा'चा पहिला प्रयोग केला आणि लोकांनी त्यातली आठ गाणी पुन्हा गायला लावली. तिथून पुढे प्रत्येक मोठ्या शहराला आपल्या महोत्सवासाठी नवी कृती हवी असायची, आणि ती पुरवणारे संगीतकारही होते.

आता हायवाथा. सॅम्युअल कोलरिज-टेलर १८७५चा जन्म, आई इंग्रज, वडील सिएरा लिओनचे डॉक्टर. रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये शिकला, आणि तिथेच ११ नोव्हेंबर १८९८ला 'वेडिंग फीस्ट'चा पहिला प्रयोग झाला. वय तेवीस. शब्द अमेरिकन कवी लाँगफेलोच्या, हायवाथा या मूलनिवासी नायकावरच्या काव्यातले: हायवाथाच्या लग्नात पॉ-पुक-कीविस नाचतो, चिबियाबोस गातो, इयागू थापा मारतो. ओळीत आठ अक्षरं, यमक नाही, त्यामुळे आपल्याला अष्टाक्षरीच्या सवयीने ते चटकन तोंडात बसतं. कोरसला जवळजवळ अर्धा तास उसंत नाही. टेनरचं एकच एकल गाणं, बाकी सगळी मेजवानी आम्हीच वाढायची.

हे देशभर गाजलं. पण त्याने हक्क नॉव्हेलोला १५ गिनींना विकून टाकले होते. प्रती लाखांनी खपल्या, त्याला पुढे छदाम नाही. १९१२ साली सदतीसाव्या वर्षी न्यूमोनियाने गेला. राजाने विधवेला वर्षाला १०० पौंडांचं पेन्शन दिलं. १९१४मध्ये संगीतकारांना प्रयोगांचं मानधन मिळवून देणारी संस्था निघाली, त्यामागे या प्रकरणाचीही चर्चा होती. आणि १९२४ ते १९३९ जवळजवळ दरवर्षी उन्हाळ्यात लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये शेकडो हौशी गायक पिसं-बिसं लावून, तंबूंचा देखावा उभा करून हायवाथा गात. बरीच वर्षं संचालक होते माल्कम सार्जंट. मग युद्ध आलं आणि ते थांबलं ते थांबलंच.

गेल्या महिन्यात आमच्या कपाटातल्या जुन्या प्रती चाळत होते. माझ्या हातात आलेल्या 'एलायजा'वर माझ्याआधीच्या किमान तीन अल्टोंची पेन्सिल आहे. एकीने 'इथे श्वास नको' लिहिलंय, दुसरीने त्याच जागी श्वासाची खूण केलीय, तिसरीने दोन्ही खोडून संचालकाचं व्यंगचित्र काढलंय. आणि मलपृष्ठावर नॉव्हेलोच्या इतर प्रकाशनांची जाहिरात, बारीक टायपात, स्तंभच्या स्तंभ. त्यातली मला ओळखू आलेली नावं एका हाताच्या बोटांवर मावली. बाकीचं सगळं कुणीतरी रचलं, छापलं, शेकडो लोकांनी पाठ केलं, आणि गेलं.

तुमच्याकडे असल्या आठवणी असतील तर लिहा. भारतातल्या तर हव्याच आहेत.

हुकलेला_टेनर

वा! पहिला नंबर माझा. लीड्समध्ये असतो. टेनर आहे म्हणजे कुठल्याही कॉयरमध्ये मुलाखत न घेता प्रवेश. सोप्रानोंची प्रतीक्षायादी असते आणि टेनरला दारातूनच ओढून आत घेतात. पहिल्या महायुद्धानंतर पुरुषांचे आवाज कमी झाले ते काही कॉयरमध्ये कधी भरूनच निघाले नाहीत, असं आमचे संचालक म्हणतात.

'मसाया'वरून आठवलं, अल्बर्ट हॉलमध्ये १९७४पासून 'मसाया फ्रॉम स्क्रॅच' चालतं. हजारो लोक आपापली प्रत घेऊन येतात, तालीम त्याच दिवशी, संध्याकाळी प्रयोग. एकदा गेलोय. हालेलुयामध्ये सोप्रानो एकेक पायरी वर चढत जातात तेव्हा आपण काय गातोय ते आपल्यालाच ऐकू येत नाही. शेजारचा गृहस्थ बास होता आणि चुकून टेनरमध्ये बसला होता, ते मला मध्यंतरात कळलं.

मंद्र_सप्तक

धागा उत्तम, पण जरा विरोधी सूर लावतो. तैंनी दिलेल्या यादीतलं बरंचसं का हरवलं? कारण ते बेताचंच होतं. 'मसाया' आणि 'एलायजा' टिकले, एल्गरचा 'ड्रीम ऑफ गेरॉन्शस' टिकला, वॉल्टनचा 'बेल्शाझर्स फीस्ट' टिकला. माँडर, गॉल आणि त्यांच्याच पंगतीतला स्टेनर ही साखरेच्या पाकात बुडवलेली चॅपलची मिठाई. स्टेनरने स्वतःच आपल्या 'क्रुसिफिक्शन'ला (येशूच्या क्रूसावरच्या मृत्यूवरची कृती) टाकाऊ म्हटल्याचं सांगतात.

आणि आकाराचा हव्यास बघा. १८५९ला क्रिस्टल पॅलेसमधल्या हॅंडल महोत्सवात अडीच हजारांहून जास्त गायक होते. हॅंडलच्या स्वतःच्या १७४२च्या डब्लिन प्रयोगात जेमतेम तीसेक. (तिथे गर्दी मावावी म्हणून बायकांना झग्याखालचे घेरदार सांगाडे न घालता आणि पुरुषांना तलवारी घरी ठेवून यायला सांगितलं होतं!) बर्नार्ड शॉने तर १८९१मध्ये लिहिलं होतं की मी खासदार असतो तर ऐंशीहून जास्त माणसं घेऊन हॅंडल सादर करणाऱ्याला देहदंडाचा कायदा आणला असता. गेल्या पन्नास वर्षांत छोटे, तालमीत मुरलेले गट आले आणि त्याच संगीतातले बारकावे पहिल्यांदा ऐकू आले. यात हळहळण्यासारखं काय?

पेनाइनकर

मंद्रसाहेब, तुम्ही सभागृहात खुर्चीवर बसून निकाल देताय. मी उभी असते ती दुसऱ्या रांगेत, एका कानाला सोप्रानो, दुसऱ्याला टेनर आणि मागून बासचा घोळ. 'क्रुसिफिक्शन'ला ऑर्केस्ट्रा लागत नाही, ऑर्गन पुरतो. एकल गायक दोनच, टेनर आणि बास. मध्येमध्ये समोर बसलेल्यांनी गायची भजनं आहेत. म्हणजे १८८७ साली स्टेनरने डोळ्यांसमोर ठेवला होता तो साधा पॅरिशचा (स्थानिक चर्चचा) कॉयर, ज्यात दोन चांगले आवाज आहेत आणि बाकी आमच्यासारखे. अशा लोकांना तासाभरात काहीतरी मोठं केल्याचा अनुभव मिळावा, एवढ्या मापाने ते शिवलंय. अजूनही गुड फ्रायडेला गायलं जातं, ज्या सेंट मेरिलबोन चर्चसाठी लिहिलं तिथेही.

बरंचसं गोड आहे, कबूल. पण अल्टोला या साखरवाल्यांनी सुंदर ओळी दिल्यात. महान मंडळी बऱ्याचदा आम्हाला एकाच स्वरावर ताटकळत ठेवतात. वारीत अभंग म्हणणाऱ्याला कुणी 'तुमची चाल बेताची आहे' म्हणून टोकत नाही ना? या कृतींचा मुख्य श्रोता त्या गाणाराच होता. तो उठून गेला म्हणून त्या गेल्या. गिरणी बंद झाली, चॅपल ओस पडलं, घरात रेडिओ आला. संगीत चांगलं की वाईट हा प्रश्न कुणी विचारायच्या आतच गाणारे घरी बसले होते.

सा_रे_काका

तै, स्वस्त छपाईबद्दल लिहिलंत, पण खरा चमत्कार राहिला: टॉनिक सॉल-फा. पाच रेघांची लिपी न येणाऱ्या गिरणी कामगारांनी चार आवाजांचे ओरेटोरिओ कसे बसवले, तर यावर.

नॉर्विचच्या सारा ग्लोव्हर नावाच्या शिक्षिकेने मूळ पद्धत काढली आणि १८४०च्या दशकापासून जॉन कर्वेन या पाद्र्याने ती देशभर नेली. डो, रे, मी यांची नुसती आद्याक्षरं छापायची, मात्रांसाठी टिंबं आणि उभ्या रेघा. संगीताचे खास खिळे नकोत, साध्या छापखान्यात काम होतं. म्हणजे जवळजवळ आपली भातखंडे स्वरलेखन पद्धत! आणि मुख्य म्हणजे डो हा कुठल्याही पट्टीवर धरायचा, आपण काळी एक, काळी चारला सा धरतो तसा. ज्याच्या कानात सा पक्का त्याला उरलेलं अंतराने सापडतं.

एक फरक गमतीचा आहे. मायनर स्केल आली की ते सा बदलत नाहीत, ला वरून सुरुवात करतात. ज्यांनी मूर्च्छना हा प्रकार वाचलाय त्यांना हे लगेच कळेल. माझ्याकडे जुन्या बाजारात मिळालेली एक सॉल-फा प्रत आहे, हार्मोनियम घेऊन बसलो तर बासची ओळ पंधरा मिनिटांत निघाली. मिझोराममध्ये आजही भजनांची पुस्तकं या लिपीत छापतात आणि पूर्ण चर्च चार आवाजांत गातं.

साष्टीकर

काका, आमच्याकडे गोव्यात उलट. चर्चच्या शाळेतले संगीत मास्तर सोल्फेज शिकवायचे, पण पोर्तुगीज धाटणीचं, डो म्हणजे कायमचा पांढरी एक. पट्टी बदलली तरी नाव बदलत नाही. त्यामुळे पोरांना रेघांची लिपी आलीच पाहिजे, आणि आली. व्हायोलिन हातात, चुकलं की पट्टी बोटांवर. हीच पोरं पुढे मुंबईला जाऊन हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात बसली. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट ही नावं सगळ्यांना माहीत असतील.

आणि हरवलेलं म्हणाल तर मोतेत. उपासाच्या चाळीस दिवसांत ख्रिस्ताच्या यातनांची मिरवणूक निघते तेव्हा गायची लॅटिन गाणी, साथीला व्हायोलिन, क्लॅरिनेट, डबल बास. कित्येक मोतेत गावातल्याच मास्तरांनी रचलेले. हाताने लिहिलेले कागद कुणाच्या तरी माळ्यावर पेटीत. काही गट ते शोधून पुन्हा गातात हल्ली, पण माझ्या वाड्यावर तिसरा आवाज गाणारे सगळे आखातात नाहीतर लंडनला.

बांद्रा_स्लो

मुंबईचं मी सांगते. परंज्योती अकॅडमी कोरस! व्हिक्टर परंज्योतींनी सुरू केलेली, त्यांच्यानंतर कितीतरी दशकं कुमी वाडियांनी सांभाळली. माझी मावशी त्यात गायची. परदेश दौरे करणारा कॉयर, पण सगळे हौशी: बँकेतले, शाळेतले, टाटांकडचे. मावशी ऑफिसातून थेट तालमीला, डब्यात उरलेली पोळी लोकलमध्ये खायची. कुमीबाईंच्या तालमीत ओठ सगळ्यांचे एकाच आकाराचे दिसले पाहिजेत, म्हणून मावशी घरी आरशासमोर नुसता 'ऊ' करत बसायची. आम्ही पोरं हसून लोळायचो.

परंज्योतींची 'द्रविडियन डिथिरँब' ही रचना शोधून ऐका. दाक्षिणात्य रागाच्या वळणावर बांधलेली, अर्थाचे शब्द नाहीत, आणि अशी काही धावते की दम लागतो. आपल्याकडे हिची आठवण फार थोड्यांना, पण परदेशातले कॉयर अजून गातात.

मंद्र_सप्तक

बांद्रा तै, ही माहिती नवी, आभार. ऐकली. अंगावर आली. बहुतेक ठिकाणी आपल्या रागाला चार आवाज जोडले की राग बिचारा अंग चोरून बसतो. इथे तसं होत नाही, कारण त्यांनी स्वरांचे गठ्ठे करण्याऐवजी आवाजांना एकमेकांच्या मागे पळवलंय. सलील चौधरींनी पन्नासच्या दशकाच्या अखेरीस बॉम्बे यूथ कॉयर उभा केला, त्यातही हा प्रयत्न होता.

पण पेनाइनकर, 'गाणारा हाच श्रोता' हे मान्य केलं तर मग समीक्षेला वावच उरत नाही. ते मला पटत नाही. बखो गाणाऱ्यालाही आनंद मिळतोच की, वर कृतीही थोर. (बाख हो, बाख. ऑटोकरेक्ट.)

नगरची_सून

मी वेगळ्याच बाजूने लिहिते. आमचं मराठी चर्च. 'उपासना संगीत' उघडलं की एकाच पुस्तकात दोन जगं. काही गीतं इंग्रजी चालींची, आणि काही पदं देशी चालींची, पेटी-तबल्यावर. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती भजनाला मराठी ओवी-अभंगाचं अंग दिलं, त्याला शंभराहून जास्त वर्षं झाली.

माझे सासरे इंग्रजी चालीच्या गीतांत बास धरायचे. खरं तर त्यांना वाचता येत नव्हतं, ऐकूनऐकून बसवलेलं. ते गेल्यावर आमच्या चर्चमधून ती ओळच गेली. आता सगळे वरचीच चाल गातात, पुढे कीबोर्ड आणि माइक. पेनाइनकर तैंचा मुद्दा मला कळतो. गीत आहे तसंच आहे, पुस्तकात छापलेलं, नंबर तोच. पण खालून जमीन काढून घेतल्यागत होतं.

गॅदरिंगवाली_बाई

अवांतर होईल, पण आमच्या मराठी शाळांची समूहगान स्पर्धा विसरू नका! एकसारख्या साड्या, आठ मुली, पेटी, तबला, आणि परीक्षकांवर छाप पडावी म्हणून शेवटच्या ध्रुपदाला दोघींनी वरचा पंचम लावायचा. तो लागला तर ढाल, नाही लागला तर परतीच्या एसटीत शांतता.

आपल्याकडे समूहाने गाणं चळवळींबरोबर वाढलं. राष्ट्र सेवा दलाचं कलापथक, वसंत बापट, लीलाधर हेगडे. संयुक्त महाराष्ट्रात अमर शेख, अण्णा भाऊ साठे. शाहिरामागे झील धरणारे चौघं म्हणजे आमचा कॉयरच. त्यात चार वेगळ्या ओळी नव्हत्या, पण मैदान उचलून धरायची ताकद होती.

हुकलेला_टेनर

पबचा विषय निघालाच होता म्हणून सांगतो. शेफील्डच्या बाहेर डोंगराकडच्या गावांत नोव्हेंबरच्या मध्यापासून नाताळपर्यंत पबमध्ये कॅरोल गातात, आणि ती नेहमीची नव्हेत. व्हिक्टोरियन काळात चर्चने सुधारणा म्हणून जुन्या गावठी चाली हाकलल्या, त्या पबमध्ये आश्रयाला गेल्या आणि तिथेच राहिल्या. एकाच मेंढपाळांच्या कॅरोलच्या कितीतरी चाली. त्यातली एक 'क्रॅनब्रुक', कँटरबरीच्या टॉमस क्लार्क नावाच्या चांभाराची. तिच्यावरच यॉर्कशरचं ते टोपीशिवाय माळावर गेलेल्या प्रियकराचं विनोदी गाणं बसवलंय, इथलं जवळजवळ राष्ट्रगीत!

मंद्रसाहेब, इथे समितीही नाही, वर्गणीही नाही, समीक्षक तर नाहीच. म्हणून टिकलं.

मंद्र_सप्तक

बिअर आहे म्हणून टिकलं.

नवखा_बासवाला

पुण्यात असतो, पुढच्या वर्षी मँचेस्टरला येतोय. स्वरलिपी वाचता येत नाही, पण गळा बरा आहे. अशा सोसायटीत घेतात का?

पेनाइनकर

घेतात. मीही काहीच न वाचता येता शिरले. शेजारी एक पक्की गाणारी धरायची आणि तिच्या अर्धा क्षण मागे राहायचं. हळूहळू ठिपके वर गेले की आवाज वर, एवढं कळायला लागतं. शिवाय आता प्रत्येक आवाजाची ओळ वेगळी वाजवून दाखवणाऱ्या तालमीच्या फायली नेटवर मिळतात, बसमध्ये ऐकायच्या. मोठ्या नामांकित सोसायट्या मात्र चाचणी घेतात आणि दर काही वर्षांनी पुन्हा घेतात, तिकडे जरा जपून.

आता धागा काढण्यामागचा छुपा हेतू सांगते. आमच्या समितीत पुढच्या वसंतात 'वेडिंग फीस्ट' करायचं घाटतंय. अडचणी दोन. एक, ऑर्केस्ट्राचा खर्च. पियानोवर भागवलं तर निम्मी मजा जाते. दुसरी, शब्द. अमेरिकेतल्या मूलनिवासींबद्दल एका गोऱ्या कवीने रंगवलेलं चित्र, ते पिसं लावून गायचे दिवस गेले, आणि तरुण सभासदांना ते तोंडात घ्यायला अवघड वाटतं. दुसरीकडे हाच एक कृष्णवर्णीय संगीतकार इतका घरोघरी गायला गेला, आणि त्यालाच आपण गाळायचं? मतं हवीत.

बांद्रा_स्लो

गा. पिसं नकोत, कार्यक्रमपत्रिकेत सगळं स्वच्छ लिहा, पंधरा गिनींचं प्रकरणसुद्धा.

सा_रे_काका

+१. पियानोवरच करा पण करा. प्रत स्कॅन असेल तर बासची ओळ इकडे पाठवा.

मंद्र_सप्तक

कोलरिज-टेलरला मी साखरवाल्यांत धरलं नव्हतं, हे नोंदवून ठेवा. ऑर्केस्ट्रा रंगवण्यात हात सफाईदार होता त्याचा, म्हणून पियानोला माझा विरोध. पैसे कमी असतील तर एकच कार्यक्रम करा, दोन नको. बाय द वे, टेनर किती आहेत तुमच्याकडे?

पेनाइनकर

चार. त्यातला एक 'मसाया' झाल्यावर मुलीकडे स्पेनला राहायला जातोय.

हुकलेला_टेनर

लीड्सहून ट्रेनने किती वेळ लागतो? आणि तालीम कुठल्या वारी असते? मंगळवार असेल तर जमणार नाही, त्या दिवशी आमची असते.

पेनाइनकर

सोमवार. साडेसातला. स्टेशनवर घ्यायला येते.